लालबागच्या पाठची खाडी

७ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राने दिवसभर टीव्हीसमोर बसून भरती-ओहोटी पाहिली. लालबागच्या राजाची मिरवणूक गिरगाव चौपाटीवर पोहोचली होती, नवा तराफा तयार होता, पण पाणी चढलेले होते आणि मूर्ती काही तराफ्यावर चढेना. विसर्जन रात्रीपर्यंत लांबले. वाहिन्यांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. त्या चर्चेत कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना पाठ असलेला एक साधा हिशोब फारसा ऐकू आला नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता, अष्टमीला आठ पाऊणे सहा म्हणून सहाला, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. थोडा पुढे-मागे फरक पडतो, पण होडी काढायला तेवढे पुरते. त्या दिवशी पौर्णिमा होती. हे मंडळ १९३४ साली ज्यांनी उभे केले, त्यांत कोळी होते. पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद पडला आणि उघड्यावर आलेल्या कोळी व इतर विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस बोलला, हा इतिहास लालबागमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे पाण्याचे घड्याळ वाचणाऱ्या लोकांनी ज्या वस्तीची ओळख घडवली, तीच वस्ती आज ते घड्याळ विसरली आहे. यात लालबागचा दोष नाही. मधल्या काळात समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये गिरण्या, गोदामे, रेल्वेचे रूळ आणि बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या.

लालबागचा स्वतःचा समुद्र गिरगावला नाही. भारतमाता सिनेमापासून पूर्वेला निघाले की काळाचौकी, कॉटन ग्रीन, शिवडी, आणि तीनेक किलोमीटरवर शिवडीची जेटी. गिरण्यांना लागणारा कापूस याच बाजूच्या गोदामांत उतरत असे. आजही वाटेत ट्रकांच्या रांगा, तेलाच्या टाक्या आणि दुरुस्तीला लागलेली गंजकी जहाजे दिसतात. टेकाडावर १६८० च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला किल्ला आहे. या सगळ्याच्या पुढे चिखल पसरलेला आहे. ओहोटीला तो दूरवर उघडा पडतो. त्याच्या कडेला तिवरे, तिवरांच्या मुळांशी निवट्या आणि खेकडे, आणि १९९० च्या दशकापासून दर हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे थवे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथे फ्लेमिंगो महोत्सव भरवले. शिवडी-माहूलचा हा पट्टा पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. पुढे खाडीच्या वरच्या अंगाला, ऐरोली-भांडुपच्या बाजूला, शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र १६९० हेक्टर असून त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेले ७९४ हेक्टर पाणी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचे ते राज्यातले तिसरे. एवढा मान मिळालेली खाडी लालबागच्या पाठीला लागून आहे, आणि तरी लालबागमधल्या बहुतेक मुलांनी फ्लेमिंगो पाहिला असेल तर तो राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाताना रस्त्यावरच्या भिंतीवर रंगवलेला, किंवा मोबाइलवर.

माझे म्हणणे एवढेच आहे: ही खाडी लोकांनी बोटीतून, सावकाश, पाहिली पाहिजे, आणि तिचा शेवटचा भरवशाचा आधार हे पाहणेच ठरेल. त्यासाठी अट एकच. बोटीचे वेळापत्रक भरती-ओहोटीचे हवे आणि सुकाणू कोळ्याच्या हाती हवे. ही अट मोडली की तीच बोट खाडीचे नुकसान करते. शिवडीला अशी सोय आज नाही. ती झाली पाहिजे, आणि ती मागण्याचा पहिला हक्क लालबाग-परळ-शिवडीच्या लोकांचा आहे.

बोटच का, हे फ्लेमिंगोच्या जेवणावरून कळते. खाडीत मोठ्या संख्येने येतो तो छोटा फ्लेमिंगो, ज्याला पक्षीमित्र छोटा रोहित म्हणतात. मोठा रोहित त्याच्याहून उंच, फिकट, गुलाबी चोचीला टोकाशी काळा रंग असलेला. छोट्याची चोच गडद किरमिजी. दोघेही मान खाली सोडून चोच उलटी धरतात, म्हणजे चोचीचा वरचा भाग चिखलाकडे आणि खालचा आकाशाकडे येतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मागे-पुढे करून ते पाणी आत ओढतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर फेकतात. छोट्या रोहितच्या झालरीत अडकते ते डोळ्याला न दिसणारे नीलहरित शेवाळ. त्यातल्याच रंगद्रव्याने पिसे गुलाबी होतात. हे शेवाळ उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलावर वाढते, म्हणून पक्ष्याची थाळी ओहोटीला मांडली जाते आणि भरतीला उचलली जाते. भरती आली की लाखभर पक्ष्यांना उभे राहायला दुसरी जागा लागते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली, तेव्हा या हालचाली नकाशावर उमटल्या. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल, भरतीला नवी मुंबईतल्या टी. एस. चाणक्य आणि एनआरआय संकुलामागच्या पाणथळी किंवा भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळची तळी, आणि पावसाच्या तोंडावर गुजरात. थोडक्यात, खाडी म्हणजे अभयारण्याच्या फलकामागचे १६९० हेक्टर नव्हेत. शिवडी, ऐरोली, नेरुळ या एकाच घराच्या खोल्या आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावाकडे भरतीचे पाणी येण्याची वाट अडली, तलाव आटला आणि तिथे फ्लेमिंगो मेलेले सापडले. अभयारण्यात तेव्हा कोणी झाडाचे पानही तोडले नव्हते.

ही गोष्ट भाषणाने कळत नाही, होडीत बसून कळते. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे आणि तिथून हंगामात बोटीच्या फेऱ्या होतात. या फेऱ्यांची वेळ रोज बदलते, कारण पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते आणि पूर्ण भरतीला पक्षी निघून गेलेले असतात. हातात राहतात ते मधले काही तास. पाणी चढू लागले की चिखलाचा पट्टा अरुंद होतो, थवे कडेकडेने सरकतात आणि बोटीच्या वाटेजवळ येतात. उधाणाच्या दिवसांत हे झपाट्याने होते. भांगाच्या दिवसांत पाणी आळसावलेले असते आणि चिखलाचा काही भाग उघडाच राहतो. तेवढ्या वेळात फ्लेमिंगोंखेरीज बाकीचेही दिसतात: लांब पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेले पाणटिवळे, तुतवार, चिखले, वर घिरट्या घालणारे कुरव आणि सुरय. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली असतात. ज्याने अशी एक फेरी केली, त्याला ‘पडीक खाजण’ हे शब्द सरकारी कागदात वाचताना खटकतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. पण न्यायालयाचा निकाल अमलात येतो तो रात्री भराव टाकणाऱ्या डंपरचा नंबर टिपून घेणारा शेजारी असेल तरच. असा शेजारी तयार करण्याचे काम बोट करते.

यावर पहिला आक्षेप पक्षीमित्रांचाच असतो, आणि तो खोटा नाही: पर्यटक वाढले की पक्षी उठतात. हिवाळी पक्ष्याचा दिवस मोजून-मापून असतो. ओहोटीच्या तासांत त्याला पोट भरायचे असते आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. थवा एकदा उठवला की खाण्याची वेळ जाते आणि उडण्यात साठवण खर्ची पडते. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवण-कुंभारगावला, स्थानिक मच्छीमार हिवाळ्यात पर्यटकांना फ्लेमिंगो दाखवतात. धरणाने गावे आणि शेते गेली, त्या लोकांना यातून नवा रोजगार मिळाला, याचा आनंदच आहे. पण तिथेही ‘थवा उडताना फोटो पाहिजे’ ही मागणी होते, आणि गिऱ्हाईक मोडायचे नाही म्हणून होडी पुढे रेटली जाते. ओडिशात चिल्का सरोवरात इरावती डॉल्फिनच्या मागे इंजिनाच्या होड्या धावतात. तिथे नियमावली करावी लागली. केरळच्या वेंबनाड तलावात हाऊसबोटी इतक्या झाल्या की त्यांचे सांडपाणी आणि तेल हीच तलावाची व्यथा झाली. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. वेळ, अंतर आणि वेग पाहणाऱ्याच्या सोयीने ठरला. गिऱ्हाईक आले की होडी निघाली, जितके पैसे तितके जवळ.

म्हणून नियम बोटीच्या घडणीतच बसवावे लागतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. बायका स्वतः होडी वल्हवतात, तिवरांच्या बोळकांडीतून नेतात, कोणते झाड कसे ओळखायचे ते सांगतात. इंजिन नाही, त्यामुळे पाठलाग हा प्रकारच संभवत नाही. आणि त्या खाडीतच त्यांच्या घरची मासेमारी असल्याने तिला धक्का लागला तर पहिला तोटा त्यांचाच. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, अवघे १.७८ चौरस किलोमीटर; तिथेही कांदळवनातल्या फेरीची वेळ भरती ठरवते. या दोन ठिकाणी निसर्ग टिकून आहे तो पर्यटक सुसंस्कृत होते म्हणून नव्हे. होडीची क्षमता, वेग आणि वेळ यांवर पर्यटकाचा ताबाच नव्हता. जगभर नदीवरच्या आलिशान सफरी आज जोरात आहेत. आपल्याकडे ‘गंगा विलास’ जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रूगढला निघाली. ५१ दिवस, सुमारे ३२०० किलोमीटर, वाटेत सुंदरबन आणि काझीरंगा. त्या जहाजाला माझा विरोध नाही. पण ५१ दिवस नदीवर राहूनही त्या प्रवाशाला नदी दिसते ती खिडकीतून, आणि तिकीट परवडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन तासांची, वीस-पंचवीस माणसांची, वल्ह्याची किंवा मंद इंजिनाची खाडीतली फेरी लालबागच्या घराला परवडते, आणि ती खाडी त्या घराचीच असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले ते आपल्या घाणीमुळे, असे म्हटले जाते. शहराचे सांडपाणी खाडीत उतरते, त्यातल्या नत्र-स्फुरदाने शेवाळ माजते, शेवाळावर फ्लेमिंगो पोसतात. मग या गुलाबी रंगाचे कौतुक म्हणजे प्रदूषणाचेच कौतुक नाही का? मूळ कार्यकारणभाव बराचसा बरोबर आहे, आणि म्हणूनच फ्लेमिंगोंच्या आकड्यावर खाडीचे आरोग्य मोजू नये, असे मला वाटते. ज्या दशकांत फ्लेमिंगो वाढले, त्याच दशकांत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने कोळ्यांची मासळी गेली. भांडुप, ऐरोली, दिवा, वाशी, माहूल, तुर्भे, प्रत्येक कोळीवाड्यात पूर्वी मिळणाऱ्या मासळीची नावे सांगणारी माणसे आहेत. बोटीवरचा मार्गदर्शक कोळी हवा, याचे हेच कारण आहे. शिकलेला स्वयंसेवक पक्ष्याचे शास्त्रीय नाव सांगेल. पण डोल कुठे लावायची, निवट्या कुठल्या चिखलात मिळत, चिंबोरी कधीपासून कमी झाली, पाण्यावर तेलाचा तवंग कोणत्या नाल्यातून येतो, हे तांडेलच सांगू शकतो. सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडले पाहिजे. त्याने शेवाळ घटून फ्लेमिंगो कमी झाले तर तेही आपण स्वीकारावे. मासळी परतली तर ती खाडीची खरी कमाई असेल. पण सफरीचा सगळा भर गुलाबी थव्यावर ठेवला, तर शुद्धीकरणाच्या मागणीला उद्या पर्यटनाचाच विरोध होईल. म्हणून आजपासूनच ‘फ्लेमिंगो सफर’ न म्हणता तिला खाडीची सफर म्हणावे आणि जून-जुलै सोडून वर्षभर ती चालावी, पक्षी असोत वा नसोत.

तिसरा आक्षेप असा की शिवडी आता संपली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीच्या चिखलावरूनच सुरू होतो. २०१८ मध्ये बांधकाम लागल्यावर शिवडीला दिसणारे थवे रोडावल्याचे जुने पक्षीनिरीक्षक सांगतात. आता पुलाला वरळीशी जोडणाऱ्या उन्नत मार्गाचे काम परळमध्ये चालू आहे, आणि त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल बंद झाला. लालबाग-परळच्या माणसाला खाडी आता धूळ आणि वाहतूक कोंडी या रूपात भेटते. पण याच कारणाने शिवडीवर लक्ष हवे. पूल झाला म्हणजे चिखल मेला असे होत नाही. खांबांच्या मधून भरती येते, ओहोटी जाते, तिवरे उभी आहेत. लोक पाहायला येईनासे झाले की मात्र ती जागा कागदावर रिकामी होते, आणि मुंबईत रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले. नवी मुंबईच्या पाणथळी आक्रसल्या तर पक्षी कुठून कुठे उडतील हा प्रश्न तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत राहिला. त्याचे उत्तर एका पाणथळीत नाही, सगळ्या खोल्या शाबूत ठेवण्यात आहे. शिवडी ही त्यातली शहराला सर्वांत जवळची खोली.

पाण्यावरची सुरक्षा हा मुद्दा लालबागला सांगावा लागत नाही. कोकणातून गिरणीत आलेल्या पिढ्यांनी भाऊच्या धक्क्याहून बोटी धरल्या, आणि १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला जाणाऱ्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा जण गेले, बोटीत क्षमतेहून अधिक प्रवासी होते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, ठरलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त माणूस नाही, आणि पावसात फेरी बंद, हे नियम कोणाच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत. खाडीतले पाणी उथळ आणि संथ आहे, हे खरे. पण उथळ पाण्यालाही नियम लागतात.

राहिला तो प्रश्न, जो विचारणाऱ्याच्या मनात नेहमी असतो: चाळींचे पुनर्विकास अडलेले, गिरणी कामगारांना घरे मिळायची बाकी, अशा वस्तीला पक्षी दाखवायचे कशाला? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर या वस्तीने काय गमावले ते मी कमी लेखत नाही. पण नोकरी आणि घर गेलेल्या माणसाला समुद्रही नको, हा निर्णय त्याच्या वतीने दुसऱ्यांनी घेतला आहे. पश्चिमेचा किनारा, मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत, शहराने फिरायला मोकळा ठेवला. पूर्वेचा किनारा बंदराच्या कुंपणाआड राहिला. गिरणगावाच्या वाट्याला समुद्र असून समुद्र नाही, हा अन्याय आहे, आणि तो घरांच्या अन्यायापासून वेगळा नाही. शिवाय संघटना म्हणाल तर चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेशगल्लीचे १९२८ चे. दहा दिवस लाखोंची रांग शिस्तीत चालवणारे कार्यकर्ते वीस माणसांच्या होडीची रांग चालवू शकणार नाहीत, असे कोण म्हणेल?

जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची, तिवरे कांदळवन कक्षाची, पक्ष्यांची माहिती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे, होड्या आणि पाण्याचे ज्ञान कोळीवाड्यांकडे. शिवडीला सफरीच्या होड्यांसाठी एक साधी जेटी, सावलीला छप्पर, भरतीच्या वेळांचा फळा, कोळ्यांच्या सहकारी संस्थेला फेऱ्यांचा परवाना आणि पालिकेच्या शाळांना फुकट फेरी, इतके एकत्र आणायला नवा कायदा लागत नाही. पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे जेव्हा हरकतींसाठी खुले होतील, तेव्हा लालबागच्या मंडळांनी ही मागणी लेखी द्यावी. तोवर ऐरोलीची बोट आहे. पक्षी डिसेंबर ते मे असतात. कालनिर्णयात तिथी बघा, पाऊणकी करा, भरतीच्या तीन तास आधीची वेळ धरा, आणि मुलांना सोबत घेऊन जा.